नळीला आतून कल्हई

भेडाघाटच्या धुवांधारवर कोसळणारं नर्मदेचं पाणी वरच्या बर्गी धरणातून येतं. त्याच जलाशयाकाठी, मंडला जिल्ह्यात चुटका इथे 700 मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्यांना केंद्राने 2017 मध्ये मंजुरी दिली. बर्गीने एकदा उठवलेल्या लोकांचा तिथला विरोध हा स्वतंत्र लेखाचा विषय. आज फक्त इंधनाच्या नळीबद्दल.

या जातीच्या भट्टीत अर्धा मीटर लांबीच्या 37 नळ्यांची एक जुडी असते. नळी झिर्कोनियमच्या मिश्रधातूची, जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. आत युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या. तापल्या की त्या फुगतात आणि नळीला आतून रेटतात. विखंडनातून निघणारं आयोडीन ताणलेल्या जागी धातूला चिरा पाडतं. म्हणून नळीला आतून ग्राफाइटचा काही मायक्रॉनचा थर देतात, पितळी पातेल्याला कल्हई करतात तसा. घर्षण कमी होतं, ताण एका जागी साचत नाही.

बाहेरच्या लेपाची निकड पटली ती 2011 च्या फुकुशिमानंतर. थंडावा बंद पडला, तापलेल्या झिर्कोनियमची वाफेशी गाठ पडली, हायड्रोजन निघाला आणि इमारतींची छपरं उडाली. त्यावर क्रोमियमचा पातळ मुलामा हा सध्याचा आवडता उपाय. अमेरिकेतल्या काही भट्ट्यांत अशा नळ्या घालून पाहिल्या आहेत. अपघात त्याने टळत नाही, सावरायला वेळ मिळतो. साधारण 1,330 अंश सेल्सियसला दोन्ही धातू एकमेकांत मिसळून वितळू लागतात. शिवाय क्रोमियम झिर्कोनियमपेक्षा कितीतरी जास्त न्यूट्रॉन गिळतो. नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या आपल्या भट्ट्यांना ती उधळपट्टी परवडणारी नाही.