डाळिंबावरचे चोर आणि कापडावरची वेलबुट्टी

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीतील गोष्ट. आमची पुतणी चित्रकलेचे शिक्षण घेते. सुटीत करून आणावयाचे म्हणून तिला एक काम मिळाले होते. कापडावर छापता येईल आणि चहू बाजूंनी हवी तितकी वाढविता येईल अशी एक वेलबुट्टी तिने स्वतःच्या कल्पनेने काढावयाची होती. ऐकावयास काम सोपे. परंतु आठ दिवस लोटले तरी कागद कोराच! भोवती नक्षीच्या पुस्तकांचा ढीग पडलेला, आणि मोबाईलच्या पडद्यावर तर साऱ्या जगातील नक्ष्यांचा बाजार भरलेला. एक पाहावी तो दुसरी बरी वाटे. अखेर एका सायंकाळी पेन्सिल खाली ठेवून ती म्हणाली, "काका, काढण्यासारखे सगळे लोकांनी काढून ठेवले आहे. नवे सुचायला प्रतिभा लागते, ती माझ्यात नाही. हा अभ्यासक्रमच सोडून द्यावा म्हणते."

त्याच सुमारास परसात निराळेच युद्ध चालू होते. आमच्या वडील बंधूंनी पुत्रवत वाढविलेल्या डाळिंबाला यंदा प्रथमच भरघोस फळ धरले होते. आणि पहाटेपासून राघू व बुलबुल त्यावर तुटून पडत. बंधूंनी डबे वाजवून पाहिले, चिंध्या बांधून पाहिल्या. शेवटी सबंध झाडावर जाळे टाकण्याचा निश्चय करून ते बाजारातून जाळे घेऊनही आले.

या दोन प्रकरणांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे घरात कोणासच वाटले नव्हते. आम्हांस तो सुचला एका इंग्रज कारागिराच्या आठवणीवरून. त्याचे नाव विल्यम मॉरिस. जन्म 1834, मृत्यू 1896. कवी, मुद्रक व समाजवादी वक्ता म्हणून त्याची ख्याती होतीच; परंतु आज तो घरोघर ठाऊक आहे तो भिंतीच्या कागदांवरील व कापडांवरील त्याच्या वेलबुट्ट्यांमुळे.

ऑक्सफर्डशायरातील केल्म्स्कॉट या खेड्यात मॉरिसने 1871 साली एक जुना वाडा भाड्याने घेतला. तेथील बागेत स्ट्रॉबेरीचे वाफे होते. फळे पिकू लागली की कस्तुराच्या जातीची पाखरे जाळ्याखाली शिरून ती पळवीत. माळी संतापे, त्या पाखरांच्या माना मुरगळाव्यात असे त्याला वाटे. मॉरिस मात्र पहाटे उठून या चोऱ्या पाहात उभा राही, आणि बागेतील एकाही पाखराला हात लागता कामा नये अशी त्याने माळ्यास ताकीद दिली होती. ही हकीकत त्याची कन्या मे हिने लिहून ठेवली आहे. या चोऱ्यांतूनच 1883 साली त्याचे 'स्ट्रॉबेरी थीफ', म्हणजे स्ट्रॉबेरीचोर, हे प्रसिद्ध छापील कापड निर्माण झाले. गर्द निळ्या भूमीवर पानाफुलांची दाटी, त्यात लाल फळे, आणि चोचीत फळ धरलेली ती पाखरे!

चोर पाहिले आणि चित्र झाले, इतके मात्र हे सोपे नव्हते. आवर्तनाची नक्षी हे एकट्या चित्राहून वेगळे प्रकरण आहे. ती ठशाने छापली जाते. एका ठशाच्या उजव्या कडेला तुटलेला देठ पुढच्या ठशाच्या डाव्या कडेला बरोबर जुळला पाहिजे, आणि खालचे पान वरच्या देठाला मिळाले पाहिजे. मॉरिसने येथे आरशाची युक्ती योजली. मधोमध रेघ कल्पिली तर एका अंगाचे पाखरू दुसऱ्या अंगास प्रतिबिंबासारखे उमटते, आणि पाखरांच्या जोड्या समोरासमोर येतात. दुसरी एक युक्ती अशी की, शेजारची ओळ अर्ध्या ठशाइतकी खाली सरकवावयाची. त्यामुळे तेच फूल एका रेषेत येत नाही आणि डोळ्यास पुनरुक्ती जाणवत नाही.

छपाईही तितकीच चिकाटीची. मर्टन ॲबी येथे वांडल नदीकाठी मॉरिसचा कारखाना होता. तेथे प्रथम सगळे कापड निळीच्या पिंपात बुडवून निळे करीत. नंतर ठशाने रंग उडविणारे द्रव्य लावून जेथे पांढरे वा फिके हवे तेथील नीळ काढून टाकीत. मग लाल व पिवळे रंग त्या जागी बसवीत. एवढ्यासाठी कित्येक दिवस लागत, आणि म्हणून ते कापड महागही असे.

मॉरिसला स्फूर्ती नेहमी आयती मिळाली असेही नव्हे. त्याच्या आरंभीच्या 'ट्रेलिस' या नक्षीचे मूळ त्याच्या स्वतःच्या बागेतील गुलाबाच्या मांडवात होते. परंतु स्वतःची पाखरे त्याच्या मनास येईनात, म्हणून ती त्याने आपला मित्र, वास्तुकार फिलिप वेब, याच्याकडून काढून घेतली. 1864 च्या 'डेझी'ची कल्पना एका जुन्या हस्तलिखितातील चित्रावरून आली. लंडनमधील साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात तो जुनी कापडे तासन् तास पाही. आणि 1887 ची 'विलो बाऊ' ही नक्षी? ओढ्याकाठी फिरताना त्याने मुलीला विलोच्या पानांचे नाना आकार दाखविले, आणि पुढे थोड्याच दिवसांत ती कागदावर उतरली. नक्षीत सौंदर्य, कल्पकता आणि शिस्त ही तिन्ही हवीत, असे त्याने 1881 सालच्या एका व्याख्यानात सांगितले होते. जुन्या कामातून तो शिस्त शिकला. परंतु जीव आणावयास त्याला परसातच जावे लागले.

आणि आपल्याकडे तरी निराळे काय आहे? पैठणीच्या पदरावरील मोर, काठातील मुनिया, नारळी, आसावलीची वेल ही सर्व कोणा विणकराने डोळ्यांनी पाहिलेलीच ना?

हे सारे आम्ही पुतणीस सांगितले. ती काही बोलली नाही; परंतु दुसऱ्या दिवशी पहाटे ओटीवरून पाहतो तो ती कागद घेऊन डाळिंबापाशी बसलेली! राघू फळाला उलटा लटकून चोच कशी घालतो, बुलबुल फुटलेल्या फळातील दाणा कसा टिपतो, डाळिंबाच्या फुलाचा मुकुट फळावरही कसा टिकून राहतो, हे तिने चार दिवस नुसते पाहून काढले. बंधूंचे जाळे तेवढे दिवस कोपऱ्यात पडून राहिले. मुलीच्या शिक्षणासाठी बापाने आजवर पुष्कळ दिले असेल. पण पहिल्या बहराची डाळिंबे देणे त्यांना अधिक जड गेले, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे.

नक्षी मांडण्याची वेळ आली तेव्हा पुन्हा घोटाळा. एकेक पाखरू देखणे. परंतु ठसा चार वेळा शेजारी शेजारी मांडताच मधून एक पांढरा तिरपा पट्टा निघे, जणू शेतातून गेलेली पायवाट! तो दोष सापडला आमच्या मातोश्रींना. त्यांची दृष्टी आता अधू झाली आहे; पण सत्तर वर्षे त्यांनी रांगोळी घातली आहे. कागद दूर धरावयास लावून त्या म्हणाल्या, "अगं, तू आधी पाखरू काढलंस. आधी ठिपके मांडायचे असतात. ठिपके सारखे पडले की पाखरू कुठंही बसेल." पुतणीने नवा कागद घेतला, ठिपके मांडले, एक ओळ अर्ध्याने खाली सरकविली, पायवाटेवर एक डहाळी वळवून आणली; आणि पट्टा नाहीसा झाला.

त्या कामास गुण बरे मिळाले. पाने थोडी जड झाली आहेत असा शेराही मिळाला, आणि तो योग्यच होता. अभ्यासक्रम सोडण्याची भाषा मात्र पुन्हा निघाली नाही. आमच्या घरी आता त्या नक्षीचा एक टेबलक्लॉथ आहे. वाचकांच्या घरीही एखादे मूल कोऱ्या कागदापुढे हिरमुसून बसले असेल, तर त्याच्यापुढे आणखी एक पुस्तक ठेवण्यापूर्वी त्याला परसात, आणि परस नसेल तर खिडकीतील तुळशीपाशी, चार दिवस बसवून पाहावे. आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांस एकदा कागद दाखवावा.

राहिले जाळे. बंधूंनी ते शेवटी टाकले, परंतु अर्ध्याच झाडावर. उरलेले अर्धे त्यांनी चोरांसाठी मोकळे ठेवले आहे. कारण विचारले तर म्हणतात, "जाळे लहान निघाले." आम्ही अधिक चौकशी केली नाही.