सेकंडहँड लॅपटॉप घेतला, पण त्यात विंडोजच नाही? दुकानात पळण्याआधी हे वाचा

मुलगी अकरावीला गेली, तिला लॅपटॉप हवा. नवा घ्यायचा तर बजेटच्या बाहेर. मग ओळखीतून नऊ-दहा हजारांत एक जुना लॅपटॉप मिळतो. घरी आणून चार्जर लावला, बटण दाबलं, कंपनीचं चिन्ह आलं आणि गेलं. पुढे काळ्या स्क्रीनवर एकच ओळ, ‘नो बूटेबल डिव्हाइस’.

विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणतो, “अहो, विदाऊट ओएस आहे, सांगितलं होतं की.” गल्लीतला दुकानदार म्हणतो, “विंडोज मारून देतो, हजार रुपये होतील.” आणि घरात सगळ्यांना वाटतं, फसलो.

थांबा. बहुतेक वेळा लॅपटॉप खराब झालेला नसतो. तो रिकामा असतो, एवढंच.

या मेसेजचा अर्थ काय?

बटण दाबलं की सगळ्यात आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणतात, नव्यांमध्ये यूईएफआय. तो रॅम, कीबोर्ड, डिस्क यांची हजेरी घेतो आणि मग डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टीम शोधतो. ती सापडली नाही की हा मेसेज दाखवतो.

म्हणजे मेसेज दिसतोय याचा अर्थ स्क्रीन, प्रोसेसर, रॅम आणि मदरबोर्ड निदान जिवंत आहेत. कंपन्या जुने लॅपटॉप विकायला काढतात तेव्हा आपला डेटा बाहेर जाऊ नये म्हणून डिस्क पुसतात किंवा काढूनच घेतात. त्यामुळे बाजारात असे लॅपटॉप भरपूर येतात.

आधी बायोसमध्ये डोकावा

लॅपटॉप चालू करताच डेल, एसर आणि असुसमध्ये साधारणपणे एफ२, एचपीमध्ये एफ१० आणि लेनोवोच्या थिंकपॅडमध्ये एफ१ हे बटण टपाटप दाबत राहा. एक साधा मेनू उघडेल. तिथे चार गोष्टी बघा.

डिस्कचं नाव दिसतंय का? दिसत नसेल तर डिस्क काढलेली आहे, सैल झाली आहे किंवा मेली आहे. बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा एसएसडी बसते. जुनी हार्ड डिस्क असली तरी तिच्या जागी एसएसडी टाकली की मशीनचा वेग लक्षात येण्याइतका वाढतो.

रॅम किती आहे? विकणाऱ्याने ८ जीबी सांगितली आणि इथे ४ दिसली, तर बोलायची वेळ आत्ताच आहे.

तारीख बरोबर आहे का? प्रत्येक वेळी जुनीच तारीख येत असेल तर आतला नाण्यासारखा सेल संपलाय. अनेक मॉडेलमध्ये तो सीआर२०३२ असतो आणि स्वस्तात मिळतो. तारीख चुकली की ब्राउझर वेबसाइट उघडायला नकार देतो, म्हणून याकडे दुर्लक्ष करू नका.

पासवर्ड मागतोय का? मागत असेल तर सरळ विकणाऱ्याकडे परत जा. ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये हा पासवर्ड बऱ्याचदा सेल काढूनही जात नाही. आणि मशीन चोरीचं तर नाही ना, ही शंकाही इथेच घ्यायची असते. खरेदीची पावती मागायला लाजू नका.

विंडोज की लिनक्स?

लॅपटॉप मुळात विंडोज १० किंवा ११ सोबत विकला गेला असेल, तर त्याची लायसन्स की बहुधा मदरबोर्डमध्येच साठवलेली असते. तीच आवृत्ती, म्हणजे होम असेल तर होम, पुन्हा टाकली की इंटरनेट जोडल्यावर ती आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. इन्स्टॉल करायची फाइल मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळते. मग लायसन्सचे वेगळे पैसे कशाला?

अडचण दुसरीकडे आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. स्वस्तातले बरेच लॅपटॉप इथेच बाद होतात.

अशा वेळी लिनक्स मिंट कामाला येतं. ते कायदेशीर, फुकट आणि दिसायला विंडोजच्या जवळचं आहे. किमान २ जीबी रॅमवर चालतं, ४ जीबी असेल तर बरं. ब्राउझर, यूट्यूब, ऑनलाइन क्लास, पत्रं आणि हिशेबाचे तक्ते हे सगळं होतं. मराठी टायपिंगही जमतं. पण टॅली किंवा फोटोशॉपवर काम असेल तर मिंट घेऊ नका, ती दोन्ही त्यावर थेट चालत नाहीत.

आणि ‘क्रॅक’ विंडोज? ती चालू करणारा प्रोग्रॅम बऱ्याचदा आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतो. ज्या मशीनवर उद्या बँकेचा पासवर्ड टाकायचाय, तिथे अनोळखी माणसाला चावी द्यायची का, हे तुम्हीच ठरवा.

आता प्रत्यक्ष काम

१. मित्राच्या कॉम्प्युटरवर मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल उतरवा. ती जवळपास ३ जीबीची असते, वायफाय असलेलं बरं.

२. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार, हे लक्षात ठेवा. रुफस किंवा बॅलेना एचर या फुकट प्रोग्रॅमने फाइल त्यावर लिहा. नुसतं कॉपी-पेस्ट केलं तर लॅपटॉप त्यावरून सुरू होणार नाही.

३. पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू करा आणि बूट मेनूचं बटण दाबा. डेल, लेनोवो, एसरमध्ये बहुधा एफ१२, एचपीमध्ये एफ९. यादीतून पेन ड्राइव्ह निवडा.

४. मिंट इन्स्टॉल न करताच सुरू होईल. इथे घाई नको. वायफाय, आवाज, कॅमेरा, कीबोर्डची प्रत्येक कळ तपासा. चार्जर काढून बॅटरी किती टिकते ते बघा.

५. सगळं ठीक असेल तर डेस्कटॉपवरच्या इन्स्टॉलच्या चिन्हावर क्लिक करा आणि डिस्क पुसून मिंट टाकण्याचा पर्याय निवडा. डिस्कवर जुन्या मालकाचं काही दिसलं, तर आधी त्याला विचारा, नंतर ते परत येत नाही. बायोसमध्ये डिस्क दिसते पण इथे दिसत नाही, असं झालं तर बायोसमध्ये साटाचा मोड रेडवरून एएचसीआयवर करून बघा.

६. शेवटी रीस्टार्ट करताना सांगितलं की पेन ड्राइव्ह काढा आणि पहिलं काम म्हणून अपडेट करून घ्या.

लॅपटॉप अजून घ्यायचाच असेल तर आणखी सोपं. पेन ड्राइव्ह आधीच तयार करून खिशात ठेवा आणि पैसे देण्याआधी तिथेच त्यावरून मशीन सुरू करून बघा. ‘विदाऊट ओएस आहे, चेक कसं करणार?’ या प्रश्नाचं उत्तर तुमच्या खिशातच असेल.