मानखुर्दची खाडी: चिखल, भरती आणि तिवरांचं नातं

मानखुर्दहून वाशीची लोकल सुटली की थोड्याच वेळात ती ठाणे खाडीच्या पुलावर येते. हिवाळ्याचे दिवस असतील आणि ओहोटी असेल, तर खिडकीतल्या मुलांना कधी कधी दूरवर गुलाबी ठिपके दिसतात. “अब्बू, फ्लेमिंगो!” मग डब्यातली मोठी माणसंही माना वळवतात.

शाळेच्या पुस्तकात ‘जैविक घटक’ आणि ‘अजैविक घटक’ असे दोन शब्द येतात. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. पण मानखुर्दमध्ये हा धडा घराच्या मागेच उघडा पडलेला आहे. म्हणून आज त्याबद्दल आपण थोडं बोलू.

अजैविक म्हणजे ज्यात जीव नाही ते: पाणी, मीठ, माती, ऊन, हवा. खाडीत दिवसातून साधारण दोनदा भरती येते. पाणी खारट आणि चिखल इतका दाट, की त्यात हवा शिरत नाही. अशा जागी आंबा लावला तर तो जगणार नाही. तिवर मात्र जगतं. त्याची काही मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात आणि हवा घेतात. जास्तीचं मीठ ते पानांवाटे बाहेर टाकतं. म्हणजे इथे कोण राहणार, हे आधी पाणी आणि चिखल ठरवतात.

पण गोष्ट इथे संपत नाही. तिवर वाढलं की तेही चिखलाला बदलतं. त्याच्या मुळांच्या जाळ्यात भरतीचं पाणी मंदावतं, त्यातला गाळ खाली बसतो आणि किनारा धरून राहतो. गळलेली पानं जीवाणू कुजवतात, खेकडे खातात. त्याच आसऱ्याला कोलंबी आणि माशांची पिल्लं वाढतात. ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातल्या जाळ्यात जे लागतं, त्याची सुरुवात या चिखलात होते. निर्जीव सजीवाला घडवतं आणि सजीव निर्जीवाला. या साऱ्या देवाणघेवाणीला ‘परिसंस्था’ म्हणतात.

आता फ्लेमिंगोचं पाहू. लहान फ्लेमिंगोचं मुख्य खाणं म्हणजे पाण्यातलं आणि चिखलातलं बारीक शेवाळ. शहराचं मैलापाणी खाडीत येतं, त्यातल्या पोषकद्रव्यांवर हे शेवाळ वाढतं. म्हणून पक्षी खूप दिसले म्हणजे खाडी ठणठणीत आहे, असं समजू नये. मैलापाणी जास्त झालं की ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. एकाला जे अन्न, तेच प्रमाणाबाहेर गेलं की दुसऱ्याला फास.

सरकारने २०१५ साली ठाणे खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केला. २०२२ साली खाडीला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जाही मिळाला. त्याआधी २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनं तोडायला बंदी घातली होती. कागदावर संरक्षण भरपूर आहे.

पण तिवर मारायला कुऱ्हाड लागतेच असं नाही. रात्री दोन डंपर डेब्रिज आणून टाकलं, भरतीची वाट बुजली, की आतली झाडं हळूहळू वाळतात. हवा घेणारी मुळं भरावाखाली गाडली गेली तर झाड गुदमरतं. फक्त एक अजैविक घटक बदलला, भरतीचं पाणी अडलं, आणि सगळी साखळी तुटली. खेकडा गेला, मासा गेला, पक्षी गेला.

आणि मग पाळी आपली. मानखुर्द-गोवंडीच्या सखल वस्त्यांत राहणाऱ्यांना २६ जुलै २००५ आठवत असेल. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातच भरती आली. मोठ्या भरतीच्या वेळी नाल्यांचं पाणी खाडीत सहज उतरत नाही. त्याला पसरायला मोकळा चिखल आणि तिवरांची जागा लागते. ती जागा भरून टाकली, तर ते पाणी आपल्या दारातच थांबणार. भराव टाकून मिळालेल्या खोलीची किंमत शेवटी आपलीच शेजारची गल्ली मोजते.

म्हणून आमचं सांगणं साधं आहे. घराची दुरुस्ती काढली की ठेकेदाराला विचारा, “भाई, हे डेब्रिज कुठे टाकणार?” नाल्यात प्लास्टिक टाकू नका, तेही ओहोटीबरोबर तिवरांच्या मुळांत जाऊन अडकतं. आणि पुढच्या वेळी पुलावरून जाताना मुलांना पक्षी दाखवा, पण पक्ष्यांखालचा चिखलही दाखवा. तो चिखल आहे म्हणून पक्षी आहेत, आणि पावसाळ्यात आपल्या घरालाही त्याचाच आधार आहे.