चेहरा तापतोय? ते पिंपल्स नसतीलही!

प्रेझेंटेशन झक्कास झालं, बॉसने चक्क सगळ्यांसमोर कौतुक केलं... आणि तुमचे गाल असे काही तापले की वॉशरूम गाठून पाणी मारावं लागलं. लंचला मिसळ खाल्ली, पुन्हा तेच. भर दुपारी बाइकवरून क्लायंटकडे, पुन्हा तेच. शिवाय नाकाच्या आजूबाजूला बारीक पुळ्या. तिशी उलटल्यावर पिंपल्स? आई म्हणते, ‘उष्णता झालीय, सब्जा घे.’ पार्लरवाली म्हणते, ‘क्लीनअप करून टाकू.’ रोझेशियाचं नाव मात्र कुणीच घेत नाही.

रोझेशिया म्हणजे गाल, नाक, कपाळ, हनुवटी या भागात वर्षानुवर्षं रेंगाळणारा त्वचेचा दाह. इथल्या रक्तवाहिन्या भलत्याच हळव्या असतात. ऊन, तिखट, दारू, टेन्शन, कुठलंही निमित्त त्यांना पुरतं. संसर्गाने तो पसरत नाही, आणि लाल नाक म्हणजे ‘घेणारा’ हा समजही चुकीचा. थेंबही न घेणाऱ्यांना तो होतो. आजार जुनाच आहे. इटालियन चित्रकार गिरलांदायोने १४९० च्या सुमारास रंगवलेला एक आजोबा पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये आहे. त्याचं गाठाळलेलं नाक हे याच आजाराचं टोकाचं रूप मानलं जातं.

पिंपल्सहून वेगळा कसा ओळखायचा? ब्लॅकहेड्स नसतात, आणि साधं मॉइश्चरायझर लावलं तरी चुरचुरतं. पण आपली गंमत अशी, की हा ‘गोऱ्यांचा आजार’ म्हणून प्रसिद्ध. गव्हाळ, सावळ्या रंगात लाली लपते, त्यामुळे निदानही लांबतं.

आणि तेवढ्यात खरा घोटाळा होतो. कोपऱ्यावरचा केमिस्ट एक ट्यूब काढून देतो. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, बीटामेथासोन नाहीतर मोमेटासोन. आठवडाभरात चेहरा असा काही उजळतो की ऑफिसात विचारणा सुरू होते! मग बंद कोण करणार? हळूहळू त्वचा पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, आणि ट्यूब थांबवली की आग दुपटीने उसळते. म्हणून परत ट्यूब. माझ्या ओळखीतल्या एका एचआरवालीने या चक्रात दीड वर्ष घालवलं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड क्रीम्स प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायला बंदी घातली. तरी काउंटरवर मागून बघा! अशी ट्यूब आधीच चालू असेल तर स्वतःच्या मनाने झटक्यात सोडू नका. त्वचारोगतज्ज्ञांना ती दाखवा आणि किती दिवस लावताय ते खरं सांगा.

रोझेशिया मुळापासून बरा होत नाही, आटोक्यात छान राहतो. पुळ्यांसाठी मेट्रोनिडाझोल जेल, अझेलाइक अ‍ॅसिड किंवा आयव्हरमेक्टिन क्रीम देतात. जास्त असेल तर कमी डोसची डॉक्सिसायक्लिन, पण गरोदरपणात ती नको. दिसणाऱ्या शिरांना लेझर. फरक पडायला आठवडे लागतात, तेव्हा चौथ्या दिवशी डॉक्टर बदलू नका.

बाकीचं तुमच्या हातात. झिंक ऑक्साइडवालं एसपीएफ ३० सनस्क्रीन रोज लावा. स्क्रब, ब्लीच, वाफ, लिंबू यांना रामराम. चहा सोडायची मात्र गरज नाही, जरा निवू द्या, कारण त्रास बहुधा गरमपणाचा असतो. कॉफीवाल्यांसाठी तर खुशखबर: अमेरिकेतल्या नर्सेसच्या २०१८ मधल्या मोठ्या अभ्यासात जास्त कॉफी पिणाऱ्यांमध्ये रोझेशिया कमीच आढळला! प्रत्येकाचं निमित्त वेगळं असतं, म्हणून महिनाभर मोबाइलवर नोंद ठेवा: काय खाल्लं, कुठे फिरलो, कधी तापलो. उगाच सगळ्याच आवडत्या गोष्टींवर काट मारायला नको.

आणि हो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत असेल, पापण्या सुजत असतील तर तो कॉम्प्युटरचा ताण म्हणून सोडून देऊ नका. रोझेशिया डोळ्यांतही उतरतो. त्वचेच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचीही अपॉइंटमेंट घ्या.