सायकल अंगाला बसते तेव्हा

नेदरलँड्समधील नायमेखन शहरात डॉक्टरांकडे ५८ वर्षांचा एक रुग्ण आला होता. त्याला दहा वर्षांपासून पार्किन्सनचा आजार होता. चालायला लागला की चार-सहा पावलांतच पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे आणि आधार नसेल तर तो पडायचा. असा माणूस ‘मी रोज सायकल चालवतो’ म्हणाला, तेव्हा डॉक्टरांचा विश्वास बसेना. त्यांनी त्याला बाहेर नेले आणि सायकलवर बसायला मदत केली. तो सरळ पायडल मारत निघाला, वळला आणि परत आला. खाली उतरला आणि पाय पुन्हा जागीच खिळले. २०१० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने हे उदाहरण छापले, तेव्हा जगभरचे मेंदूविकारतज्ज्ञ चकित झाले.

या उदाहरणावरून पार्किन्सनच्या प्रत्येक रुग्णाने सायकल काढावी असे कोणी म्हणणार नाही. पण एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. ‘चालताच येत नाही, मग सायकल कशाला?’ हा आपल्याकडे सर्रास विचारला जाणारा प्रश्न मुळातच चुकीचा आहे.

चालताना प्रत्येक पावलाला शरीराचे सगळे वजन क्षणभर एकाच पायावर येते. तेवढ्यात तोल सांभाळायचा, दुसरा पाय उचलायचा आणि पुढे टाकायचा. सायकलवर वजन सीट उचलते, पायांना फक्त गोल फिरायचे असते. सपाट रस्त्यावर तेवढेच अंतर सायकलने कापायला चालण्याच्या साधारण एक पंचमांश शक्ती लागते. ज्याचे पाय कमजोर आहेत, ज्याला कृत्रिम पाय आहे किंवा ज्याचा गुडघा दुखतो, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. पाय मुळीच चालत नसतील, तर तेच काम हातांनी करता येते.

सायकलच्याही आधीची हातसायकल

हाताने चालवायची तीनचाकी ही दोनचाकी सायकलवरून सुचलेली कल्पना असावी, असे वाटते. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. जर्मनीतील न्यूरेंबर्गचा घड्याळजी स्टेफान फार्फ्लर याला चालता येत नव्हते. त्याने १६५५ साली, वयाच्या विशीत, स्वतःसाठी हाताने दांडा फिरवून चालणारी तीनचाकी खुर्ची बनवली. सायकलची पूर्वज मानली जाणारी, पायांनी जमिनीला रेटा देत चालवायची दोनचाकी गाडी १८१७ साली आली. म्हणजे एका अपंग कारागिराने स्वतःच्या अंगाच्या मापाने बनवलेले वाहन तिच्याआधी दीडशेहून अधिक वर्षे रस्त्यावर होते.

महाराष्ट्रात ही तीनचाकी ओळखीची झाली ती पोलिओमुळे. भारतात नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. आजार गेला, पण साठ, सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत ज्यांना तो झाला ते आज चाळिशी ते साठीत आहेत. त्यांच्यातल्या अनेकांचे अर्धे आयुष्य तीनचाकीवर गेले. शाळा, एसटी स्टँड, बाजार, तहसील कचेरीबाहेरचे अर्ज लिहून देण्याचे टेबल, एसटीडी बूथ, लॉटरीची तिकिटे, सगळे त्याच सायकलवर. कित्येकांची सायकल हेच दुकान होते. म्हणून या वाहनाकडे केवळ ‘साधन’ म्हणून पाहून चालत नाही. चालवणाऱ्याला ते अंगाचाच भाग वाटते.

माप कोण घेतो?

चष्मा नंबर तपासल्याशिवाय कोणी देत नाही. कृत्रिम पाय माप घेतल्याशिवाय बसत नाही. तीनचाकी मात्र अनेकदा शिबिरात एकाच आकाराची, रांगेत उभी करून वाटली जाते. सहा महिन्यांनी ती अंगणात गंजताना दिसली की ‘फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत नसते’ असा शेरा मारला जातो. खरे कारण पुष्कळदा साधे असते: ती त्या माणसाच्या अंगाला बसतच नसते.

हाताने फिरवायच्या सायकलला तीन मापे महत्त्वाची. हात ज्या आसाभोवती फिरतात तो आस खांद्याच्या रेषेच्या किंचित खाली हवा. हातमूठ सर्वांत लांब जाते तेव्हाही कोपर थोडे वाकलेले राहिले पाहिजे आणि पाठ सीटच्या टेकूवरून सुटता कामा नये. सीटची खोली आणि रुंदी मांडीच्या मापाची हवी. सीट फार खोल असेल तर माणूस पुढे घसरत येतो आणि पाठीला बाक येतो.

पायांनी चालवायच्या सायकलचेही तसेच आहे. साधारण मोठ्या सायकलच्या क्रँकची लांबी १७० मिलिमीटर असते. ज्याचा गुडघा पुरता वाकत नाही, त्याला पायडल वर आले की अडकायला होते. क्रँक १० मिलिमीटर आखूड घेतला आणि सीट तेवढीच वर केली, तर पायडल सर्वांत वर असताना ते सीटपासून २० मिलिमीटर जास्त दूर राहते. अडणाऱ्या गुडघ्याला तेवढी सवलत कधी कधी पुरते. एक पाय आखूड असेल तर त्या बाजूच्या पायडलवर घट्ट बसवलेला ठोकळा काम करतो. गुडघ्याखाली कृत्रिम पाय असेल तर घोट्याचे स्नायू नसतात, त्यामुळे पायडल चवड्याखाली नव्हे, तर पावलाच्या मध्याखाली घेतलेले बरे. पाय वर टाकून बसणे जमत नसेल तर मधला दांडा नसलेली लेडीज सायकल उपयोगी पडते. एकच हात चालत असेल, तर दोन्ही ब्रेकच्या तारा एकाच मुठीला जोडता येतात.

हे सगळे करायला परदेशी कारखाना लागत नाही. फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टने माप लिहून द्यावे, कोपऱ्यावरचा सायकल मिस्त्री आणि वेल्डिंगवाला ते करून देतो. कुबड्या अडकवायला हूक, लुळा पाय चाकात जाऊ नये म्हणून पट्टा, उतारावर थांबताना चाक अडकवणारी खिट्टी, उन्हासाठी छत्रीची नळी, अशा गोष्टी चालवणाऱ्यांनीच शोधून काढलेल्या आहेत. फक्त एक पथ्य पाळायचे. फ्रेमवर किंवा चाकाच्या आसाजवळ वेल्डिंग केले, तर आधी सायकल रिकामी आणि मग ओझे ठेवून चालवून पाहायची. तो सांधा रस्त्यात निखळला तर अपघात ठरलेलाच.

काही धोके ओळखून ठेवावेत

दोनचाकी वळणावर कलते. ताठ फ्रेमची तीनचाकी कलत नाही, वेगात वळवली तर आतले चाक उचलले जाते. दोनचाकीची सवय असलेल्या माणसाने वळणाच्या आधीच वेग कमी करायला शिकले पाहिजे.

पोलिओमध्ये स्नायू दुबळे होतात, पण स्पर्श आणि वेदना कळतात. मणक्याला इजा झालेल्या माणसाला मात्र कमरेखाली काहीच कळत नाही. तासन् तास एकाच जागी बसल्याने त्याला दाबामुळे जखमा होतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात तापलेल्या रेक्झिनच्या सीटवर तो भाजला तरी त्याच्या लक्षात येत नाही. त्याला चांगली गादी, दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलण्याची सवय आणि रोज रात्री आरशाने त्वचा पाहणे या तिन्ही गोष्टी हव्यात. अर्धांगवायूनंतर सायकलवर परतू इच्छिणाऱ्याने आधी दृष्टी तपासून घ्यावी. काहींना एका बाजूचे दिसतच नाही आणि ते दिसत नाही हेही कळत नाही. फिट येत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये.

दृष्टी पूर्ण गेलेल्यांसाठीही वाट आहे. दोघांच्या सायकलवर पुढचा डोळस माणूस दिशा सांभाळतो आणि मागचा बरोबरीने पायडल मारतो. पुण्याचे दिव्यांशू गणात्रा यांची दृष्टी काचबिंदूने गेली. त्यांनी अशाच सायकलवरून मनाली ते खारदुंगला हा हिमालयातला रस्ता पार केला.

खांदा तक्रार करू लागतो तेव्हा

खांद्याचा सांधा उथळ असतो, म्हणून हात सर्व दिशांना फिरतो. या मोकळेपणाची किंमत अशी की, हा सांधा आयुष्यभर ओझे ओढण्यासाठी बनलेला नाही. तीस वर्षे तीनचाकी ओढणाऱ्याचा खांदा हळूहळू बोलू लागतो. आधी त्या कुशीवर झोपता येत नाही. मग वरच्या फळीवरचा डबा काढताना कळ येते. शेवटी चढावर हातच उचलत नाही.

पोलिओ झालेल्यांमध्ये आणखी एक गोष्ट घडू शकते. पोलिओत मज्जारज्जूतील काही चेतापेशी मरतात. वाचलेल्या पेशी नवे फाटे फोडून पोरक्या स्नायूतंतूंना सांभाळून घेतात. एकेक पेशी अनेकांचे काम करते. मूळ आजारानंतर साधारण १५ ते ४० वर्षांनी या पेशी थकू लागतात. पूर्वी बरा असलेला हातही दुबळा होतो, थकवा येतो, स्नायू दुखतात. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. पोलिओ परत आलेला नसतो. अशा वेळी ‘व्यायाम कमी पडतोय, जोर लावा’ हा सल्ला घातक ठरतो. दमायच्या आधी थांबणे आणि कामाचे तुकडे पाडणे हेच येथे औषध असते.

निरोप कसा द्यायचा

मग घरात तो संवाद सुरू होतो. ‘बाबा, आता पुरे झाली ती सायकल,’ मुलगा म्हणतो. ‘हात चालतायत तोवर चालवणार,’ बाबा म्हणतात. दोघांचेही बरोबर असते. मुलाला पडण्याची भीती वाटते. बाबांना ठाऊक असते की सायकल गेली की चहाची टपरी गेली, वाचनालय गेले आणि कोणाला न विचारता घराबाहेर पडणे गेले.

येथे डॉक्टरांची चूकही सांगितली पाहिजे. खांद्याचा एक्स-रे पाहून ‘सायकल बंद करा’ असे लिहिणे सोपे असते. त्याऐवजी ‘या सायकलने तुम्ही कुठे कुठे जाता?’ असे विचारले तर उपाय सापडू शकतो. कदाचित हातदांडा आखूड करून, बेअरिंग बदलून, चाकात हवा पूर्ण भरून आणखी काही वर्षे मिळतील. कदाचित चढाचा रस्ता टाळला की पुरेल. कदाचित बॅटरीवर चालणारी तीनचाकी घेण्याची वेळ आलेली असेल. केंद्र सरकारच्या १९८१ पासून सुरू असलेल्या ‘ॲडिप’ योजनेतून साधने मिळतात आणि अलीकडे त्यांत बॅटरीच्या तीनचाकीचाही समावेश झाला आहे. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हाताशी असावे.

बॅटरीची गाडी आली म्हणून हाताची लगेच भंगारात देऊ नये. हात चालणे एकदम थांबले की वजन वाढते, आणि वाढलेले वजन उचलून खुर्चीवरून खाटेवर जायला त्याच दुखऱ्या खांद्यांवर भार पडतो. लांबच्या कामाला बॅटरीची आणि सकाळी गल्लीत, दम न लागेल इतपत, हाताची, असे दोन्हींचे जमवता येते. काही महिन्यांनी जुनी सायकल आपोआप मागे पडली तर तो निरोप माणसाने स्वतः दिलेला असतो, आणि तो सोसवतो.

मुलांच्या बाबतीत निरोप लवकर येतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची मापाने बनवलेली सायकल दोनेक वर्षांत लहान पडते. ‘एवढा खर्च केलाय, अजून चालवू दे’ म्हणून ती लांबवली तर मूल वाकडे बसायला शिकते आणि पाठीचा कणा त्या वळणाने वाढतो. म्हणून सीट आणि हँडल वर-खाली होणारी सायकलच करून घ्यावी.

जुनी सायकल दुसऱ्या गरजूला देणे चांगलेच. पण देताना नव्या माणसाला तिच्यावर बसवून पाहावे. हात कुठवर पोचतो, पाय कुठे टेकतो, पाठीला टेकू मिळतो का, ब्रेक कोणत्या हाताला हवा, हे तपासावे आणि मिस्त्रीकडून बदल करून मगच सोपवावी. मुंबईत हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था हे काम १९५५ पासून करते आहे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी विभागांत, तसेच जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रांतही असा सल्ला मागता येतो. तेथे जाताना रुग्णाच्या फाइलसोबत त्याची सायकलही न्यावी. तिच्यावर बसल्याशिवाय माप घेता येत नाही.