माहिती चौकट : महोत्सवाची तारीख आधी

नागपुरात मोठे सांस्कृतिक महोत्सव हिवाळ्यात होतात. खासदार सांस्कृतिक महोत्सवही याच दिवसांत असतो. हवा उत्तम, मैदाने कोरडी, त्यामुळे निवड स्वाभाविक वाटते. पण विदर्भाची स्वतःची रंगभूमी तेव्हाच सर्वाधिक व्यग्र असते. धान घरात आले की दिवाळीनंतर गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात या झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचे केंद्र. गावोगावी, बहुधा शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, निमित्ताने, तिकीट काढून लोक रात्रभर नाटक पाहतात. अशा वेळी या कलावंतांनी नागपूरला यावे कसे? म्हणून माझ्या मते प्रादेशिक महोत्सवाची तारीख पोळ्याच्या सुमारास धरावी. तेव्हा रोवणी बहुतेक आटोपलेली असते, नाटकांचा हंगाम अजून दूर असतो, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत-बडग्यांच्या मिरवणुकीने शहर आधीच रस्त्यावर आलेले असते.

पावसाचा आक्षेप रास्त आहे. पण रेशीमबागेत कविवर्य सुरेश भट सभागृह आहे. दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांना उघडे मैदानच हवे असे नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार : मुंबईचा नामवंत गायक नसेल तर गर्दी कशी जमणार? झाडीपट्टीचे तिकीटबारीवरचे बळ हेच त्याचे उत्तर. तिथले परशुराम खुणे यांना 2023मध्ये पद्मश्री मिळाली. फलकावर सर्वांत मोठे नाव अशा कलावंताचे असावे, आणि प्रचाराची गाडी नागपूरच्या चौकांइतकीच उमरेड, ब्रह्मपुरीच्या आठवडी बाजारातही फिरावी.