बर्फाचा ताळेबंद

जानेवारी २०२५च्या अखेरीस अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा रंगली. एवढी मोठी स्पर्धा गावात भरवायची म्हणजे कामांची यादी लांबलचक असते. मल्लांचा मुक्काम आणि खुराक, प्रेक्षकांची बैठक, पिण्याचे पाणी, वाहनतळ, रुग्णवाहिका, डॉक्टर. पण या सगळ्याच्या आधी येतो तो आखाडा. मातीचा आखाडा करणे हे जुन्या वस्तादांचे शास्त्र आहे. माती चाळायची, तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबू मुरवायचे आणि ओल बेताची राखायची. माती कडक राहिली तर पडणाऱ्याला इजा होते, जास्त ओली झाली तर पाय सटकतो. आखाडा बिघडला तर मांडव कितीही देखणा असून उपयोग नाही.

हिवाळी ऑलिंपिकच्या यजमान शहरापुढेही पहिला प्रश्न हाच असतो. फरक इतकाच, की तिथला आखाडा बर्फाचा असतो. तो वेळेवर आभाळातून पडेल अशी खात्री आता कुठलेच शहर देऊ शकत नाही, म्हणून तो बनवावा लागतो. फेब्रुवारी २०२६ मध्ये इटलीतील मिलान आणि कोर्टिना या शहरांनी मिळून हिवाळी ऑलिंपिक भरवले. आल्प्स पर्वताच्या कुशीतल्या या यजमानांनीही आधीपासूनच लाखो घनमीटर कृत्रिम बर्फाची तयारी ठेवली होती. हा बर्फ बनतो कसा, त्याला पाणी किती लागते आणि खेळाडूच्या शरीरावर त्याचा काय परिणाम होतो, हे आपल्यासारख्या दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसाला समजायला जड जाऊ नये. कारण त्यामागचे विज्ञान आपल्या माठात आहे आणि हिशेब आपल्या शेततळ्यात.

माठ आणि बर्फाची तोफ

मे महिन्यात नगरला पारा ४० अंशांवर जातो, तरी माठातले पाणी गार राहते. माठाच्या छिद्रांतून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते पाणी माठातली उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ जास्त आणि पाणी तितके गार. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा दिला, तर पारा जिथे थांबतो त्याला ‘वेट बल्ब तापमान’ म्हणतात. सोप्या भाषेत, वाफेच्या जोरावर पाणी कितपत गार होऊ शकते याची ती मर्यादा. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर हे तापमान सुमारे २२ अंश भरते. मुंबईत हवा ३४ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल तर ते ३०च्या आसपास असते. म्हणून नगरचा माठ मुंबईत तेवढा चालत नाही.

बर्फाची तोफ याच नियमावर चालते. ती पाण्याचे अतिशय बारीक तुषार हवेत उंच उडवते. काही थेंबांची वाफ होते आणि उरलेले थेंब अधिक गार होतात. दाबाखालची हवा अचानक मोकळी होऊन थंडावते, तिच्यामुळे हिमाचे सूक्ष्म कण तयार होतात आणि त्यांच्याभोवती बाकीचे पाणी गोठते. थेंब जमिनीवर पोहोचेपर्यंतच्या काही सेकंदांत हे सारे व्हावे लागते. त्यासाठी वेट बल्ब तापमान साधारण उणे अडीच अंशांच्या खाली असावे लागते. म्हणजे हवा शून्याच्या वर २ अंश असली, पण आर्द्रता ३० टक्केच असली, तर बर्फ बनू शकतो. उलट पारा उणे एकवर आहे आणि हवा दमट आहे, तर तोफा बंद ठेवाव्या लागतात. यजमान शहराचे अभियंते नुसत्या थंडीची वाट पाहत नाहीत, ते कोरड्या थंडीची वाट पाहतात.

ही युक्ती फार जुनी नाही. १९५० मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात स्की बनवणाऱ्या एका कारखान्यातील लोकांनी रंग फवारायचा काँप्रेसर, एक तोटी आणि बागेत पाणी घालायची रबरी नळी एवढ्या सामानावर पहिली बर्फतोफ चालवून पाहिली. त्यांचा धंदा बर्फावर अवलंबून होता आणि त्या हिवाळ्यात बर्फ पडला नव्हता. ऑलिंपिकमध्ये कृत्रिम बर्फ प्रथम वापरला गेला तो १९८० मध्ये, अमेरिकेतील लेक प्लॅसिड येथे. २०१० मध्ये व्हँकुव्हरला हिवाळा इतका उबदार होता, की एका डोंगरावर ट्रक आणि हेलिकॉप्टरने बर्फ आणावा लागला. २०१४च्या सोची स्पर्धेसाठी आदल्या हिवाळ्यातला बर्फ उष्णतारोधक आच्छादनाखाली झाकून ठेवला होता. रसवंतीवाला बर्फाची लादी भुशात आणि पोत्यात गुंडाळून ठेवतो, तोच प्रकार डोंगराएवढा. २०२२च्या बीजिंग स्पर्धेत तर जवळजवळ सगळाच बर्फ कृत्रिम होता.

किती शेततळी?

आता पाण्याचा हिशेब. नुकताच पडलेला नैसर्गिक बर्फ कापसासारखा हलका असतो. एका घनमीटरचे वजन ५० ते १०० किलो. तोफेचा बर्फ म्हणजे षट्कोनी पाकळ्या नव्हेत, तर गोठलेल्या थेंबांचे बारीक मणी. ते एकमेकांना चिकटून बसतात आणि एका घनमीटरचे वजन ४०० किलोच्या आसपास जाते. म्हणजे तितकेच लिटर पाणी.

मिलान-कोर्टिनाच्या आयोजकांनी स्पर्धेआधी सुमारे २४ लाख घनमीटर बर्फाचे आणि त्यासाठी ९४.६ कोटी लिटर पाण्याचे नियोजन सांगितले होते. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल, उतरत्या बाजूंचे आपले नेहमीचे शेततळे साधारण २२ लाख लिटर पाणी धरते. त्या मापाने हे पाणी ४३० शेततळ्यांचे झाले. आकडा मोठा वाटतो. पण मुळा धरणाची क्षमता २६ टीएमसी आहे आणि हे पाणी एका टीएमसीच्या तिसाव्या भागाइतके आहे. शिवाय त्यातला बराचसा भाग वसंतात वितळून पुन्हा ओढ्यांत आणि नद्यांत जातो. तेव्हा ‘खेळासाठी अख्ख्या खोऱ्याचे पाणी संपवले’ असे सरसकट म्हणणे हिशेबाला धरून होणार नाही.

खरी अडचण पाणी किती लागते यापेक्षा ते कधी लागते आणि कुठे लागते, ही आहे. पर्वतातले ओढे भर हिवाळ्यात सर्वांत बारीक वाहतात, कारण वरचे पाणी गोठलेले असते. नेमक्या त्याच दिवसांत तोफांना ते हवे असते. थेट ओढ्यातून उपसले तर खालच्या गावांवर आणि जलचरांवर ताण येतो. म्हणून डोंगरावर कागद अंथरलेले मोठाले तलाव खोदतात आणि बर्फ वितळण्याच्या व पावसाच्या दिवसांत भरून ठेवतात. पावसाळ्यात भरून ठेवायचे आणि उन्हाळ्यात पुरवून वापरायचे, हे गणित पारनेर किंवा जामखेडच्या फळबागवाल्याला नव्याने शिकवायला नको. त्याला हेही माहीत असते, की तळे खोदल्याने पाणी वाढत नाही. ते एकाच्या वाट्यातून दुसऱ्याच्या वाट्याला जाऊ शकते, आणि त्यावरूनच गावात वाद होतात.

जिथे पुरेसा बर्फ पडत नाही तिथे स्पर्धेचे काय होते, ते आपल्याच देशात दिसले. २०२५च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा पहिला टप्पा जानेवारीत लेहला पार पडला. त्यातल्या बर्फावरच्या स्केटिंगमध्ये महाराष्ट्राच्या मुलामुलींनीही पदके मिळवली. दुसरा टप्पा २२ फेब्रुवारीपासून काश्मीरमधील गुलमर्गला व्हायचा होता. बर्फच पुरेसा नसल्याने तो पुढे ढकलावा लागला आणि ९ मार्चला सुरू झाला. वर्षभर सराव करून नेमक्या दिवसासाठी शरीर तयार करणाऱ्या खेळाडूला हे पंधरा दिवस फार महाग पडतात.

शरीराला काय झेलावे लागते

कृत्रिम बर्फ घट्ट असतो. वेगाच्या शर्यतींसाठी असा एकसारखा, टणक उतार सोयीचा, पण त्यावर पडले तर मार जास्त लागतो, अशी अनेक खेळाडूंची तक्रार आहे. याच्या उलट टोकाला उबदार दिवस असतात. ऊन वाढले, की बर्फाचा लगदा होतो, स्की रुतते आणि गुडघा पिळवटतो. हिवाळी पॅरालिंपिक मार्चमध्ये होत असल्याने अपंग खेळाडूंना हा धोका अधिक. २०१४च्या सोची पॅरालिंपिकमध्ये उष्म्यामुळे वेळापत्रक बदलावे लागले होते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या डॅनियल स्कॉट यांच्या गटाने २० देशांतील ३३९ अव्वल खेळाडू आणि प्रशिक्षकांना विचारले, तेव्हा ८९ टक्क्यांनी सांगितले, की बदलत्या हवामानाचा परिणाम स्पर्धेच्या परिस्थितीवर होतो आहे. सुरक्षित आणि न्याय्य स्पर्धेसाठी तापमान कोणत्या मर्यादेत असावे, हेही त्यांच्या उत्तरांतून पुढे आले.

तिसरा परिणाम श्वासनलिकेवर होतो, आणि इथे पुन्हा माठच आठवावा. आपण आत घेतलेली हवा फुप्फुसांत पोहोचण्याआधी नाक आणि श्वासनलिका तिला गरम आणि ओलसर करतात. जोरात धावणारा माणूस मिनिटाला १०० लिटरहून जास्त हवा ओढतो, तीही तोंडाने. हवा थंड आणि कोरडी असेल तर श्वासनलिकेच्या अस्तरातली ओल उडून जाते, ते कोरडे पडते, सुजते आणि नळ्या आकसतात. त्यामुळे लांब पल्ल्याच्या स्की शर्यतींतील खेळाडूंमध्ये दम्यासारखी लक्षणे सामान्य लोकांपेक्षा जास्त आढळतात. फार थंडीत शर्यत न घेण्याचा नियम याचसाठी आहे. लांब पल्ल्याच्या स्की शर्यतींसाठी ही मर्यादा उणे २० अंशांची आहे.

नगरला उणे २० होत नाही. पण थंडीच्या लाटेत आपल्याकडे पारा १० अंशांच्या खाली उतरतो आणि पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे पाच वाजता रस्त्यावर धावत असतात. धावून झाल्यावर पाच-दहा मिनिटांनी सुरू होणारा कोरडा खोकला, छाती आवळणे, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, हा ‘स्टॅमिना कमी’ असल्याचा पुरावा नव्हे. व्यायामाने श्वासनलिका आकसत असल्याची ती खूण असू शकते आणि तिच्यावर चांगले उपचार आहेत. आधी दहा-पंधरा मिनिटे शरीर हळूहळू तापवणे, नाकातोंडावर सुती रुमाल किंवा मफलर ठेवणे, शक्यतो नाकाने श्वास घेणे आणि शेकोटीच्या धुरातून न धावणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. लक्षणे वारंवार येत असतील तर डॉक्टरांना दाखवावे.

उन्हाळ्यात हाच नियम दुसऱ्या बाजूने लागू होतो. घाम हा शरीराचा माठ. दमट हवेत तो वाळत नाही आणि शरीर आतून तापते. त्यामुळे मैदानी स्पर्धांचे आयोजक उष्णतेचा धोका ठरवताना नुसते तापमान पाहत नाहीत, आर्द्रता आणि उन्हाचा ताप धरून निर्णय घेतात. कोरड्या हवेत मात्र घाम नकळत उडून जातो आणि शरीरातले पाणी कमी होते. तेव्हा नगरच्या उन्हातही निर्धास्त राहू नये.

पेरणीआधीचा प्रश्न

तोफा, तलाव, झाकून ठेवलेला बर्फ या सगळ्या युक्त्यांना एक मर्यादा आहे. स्कॉट यांच्याच अभ्यासानुसार हिवाळी ऑलिंपिकच्या यजमान ठिकाणी फेब्रुवारीतले दिवसाचे सरासरी कमाल तापमान १९२० ते १९५०च्या दशकांत ०.४ अंश होते. १९६० ते १९९०च्या दशकांत ते ३.१ झाले आणि या शतकात ६.३. हरितगृह वायूंचे उत्सर्जन असेच जास्त राहिले, तर आजवरच्या २१ यजमान शहरांपैकी शतकाअखेर भरवशाचे ठिकाण एकच उरते, जपानमधील सापोरो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीसमोर २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासात, सोयी असलेल्या ९३ ठिकाणांपैकी २०५०च्या दशकात ऑलिंपिकसाठी ५२ आणि पॅरालिंपिकसाठी फक्त २२ हवामानाच्या दृष्टीने खात्रीची राहतील असे दिसले. त्यामुळे ठरावीक काही ठिकाणीच आळीपाळीने स्पर्धा भरवाव्यात, अशी चर्चा सुरू आहे.

हिवरे बाजारला ही विचारपद्धत ओळखीची वाटेल. तिथे पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि मग कोणती पिके घ्यायची ते ठरते. पाणी कमी असेल त्या वर्षी जास्त पाण्याचे पीक घ्यायचे नाही. कूपनलिका खोल नेऊन पाणी ‘वाढवण्याचा’ मार्ग गावाने आधीच बंद केला आहे. तंत्र हाताशी असणे आणि ते वापरणे शहाणपणाचे असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या गावाने फार लवकर ओळखले.

लडाखमध्ये सोनम वांगचुक यांनी उभे केलेले बर्फाचे स्तूपही पाण्याचे तुषार थंड हवेत गोठवूनच बनतात. ते वसंतात वितळतात तेव्हा पेरणीला पाणी मिळते. विज्ञान तेच. बर्फ कशासाठी आणि कोणाच्या पाण्याचा, याचे उत्तर आधी ठरलेले असते एवढेच. यापुढे हिवाळी खेळांचे यजमानपद मागणाऱ्या प्रत्येक शहराला स्टेडियमचा नकाशा दाखवण्याआधी याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल. आपल्याकडे उसाची लागण करण्याआधी विहिरीत डोकावून पाहतात, तसेच.